थेंब मोजायला बस्तरला : नागपूर ते कांगेर घाटी, सहा दिवस

जिओकॅशिंग हा शब्द तोंडातून निघाला की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘किती कॅश मिळते?’ मग मी सांगते, इथली कॅश म्हणजे लपवून ठेवलेली ठेव. कुणीतरी एखादी डबी लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं आणि बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीने ती शोधायची. डबीत छोटी वही असते. तिच्यात नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तशी परत ठेवायची आणि निघायचं. हा खेळ सुरू झाला २००० सालच्या मे महिन्यात. तोवर सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाल्यावर लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात एक बादली लपवून तिचे आकडे जाहीर केले. आज जगभर लोक अशा डब्या शोधत फिरतात.

मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. ‘चुनखडीच्या प्रदेशातील भूजलाचे कार्य’ हा भाग दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी फळ्यावर गुहा काढते. छतातून खाली येणारा अधोमुखी लवणस्तंभ, जमिनीतून वर येणारा ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ, मध्ये एक थेंब. सोळा वर्षं हे चित्र काढलं, पण प्रत्यक्षात एकही लवणस्तंभ पाहिला नव्हता. गेल्या वर्षी माझी एक मैत्रीण छत्तीसगडच्या बस्तरमधल्या कांगेर घाटीला जाऊन आली आणि तिने माझ्या हातात एक कागद ठेवला. त्यावर तीन ठिकाणं लिहिली होती आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न होता. ‘जा आणि उत्तरं घेऊन ये,’ एवढंच म्हणाली.

या प्रकाराला अर्थकॅश म्हणतात, अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी. यात डबी नसते. भूशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागी जायचं, खडक नीट पाहायचा आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. जागेवर गेल्याशिवाय उत्तर देता येत नाही, म्हणून उत्तर हाच पुरावा. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिली अर्थकॅश झाली आणि अमेरिकेतली भूशास्त्रीय सोसायटी या प्रकाराकडे लक्ष देते. मैत्रिणीची यादी अशी अधिकृत कुठे नोंदवलेली नव्हती, तिने ती आमच्यापुरती त्याच धर्तीवर केली होती. पण मला त्या कागदाने झोप लागू दिली नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. मी, नववीतली लेक आणि माझा मोठा भाऊ. दादाने पंचवीस वर्षं जमीनमोजणीचं काम केलं आहे. गाडीही त्याचीच.

निघण्याच्या आदल्या दिवशी : झिरो माइल

लेकीचा हट्ट होता की सुरुवात झिरो माइलच्या दगडापासूनच करायची. हिवाळी अधिवेशन सुरू होतं, विधानभवन जवळच, त्यामुळे जागोजागी बंदोबस्त. पाठीला सॅक आणि हातात फोन घेऊन दगडाभोवती घुटमळणाऱ्या मुलीला एका पोलिसदादांनी थांबवून विचारलं. तिने सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतः फोनमध्ये डोकावून आकडे पाहिले. सांगायचं एवढंच की शहरात, तेही अशा जागी, डबी लपवण्याचा विचारही करू नका. बेवारस डब्याची भीती खरी असते आणि त्यात पोलिसांचा जीव टांगणीला लागतो.

झिरो माइलचा दगड इंग्रजांच्या सर्वेक्षणाच्या काळातला, १९०७ चा. वेगवेगळ्या शहरांची मैलांत अंतरं त्यावर कोरली आहेत. रायपूर १७४ मैल. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. फोन मात्र वेगळीच उंची दाखवत होता. लेकीला वाटलं फोन बिघडला. दादाने तिला समजावलं, ‘बिघडला नाही बेटा. दगडावरची उंची समुद्रापासून मोजलीय. उपग्रह पृथ्वीचा एक गणिती आकार धरतो अन् तिथून मोजतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर हायेत.’

मग त्याने इंग्रज सर्वेक्षक लॅम्बटनची गोष्ट काढली. १८०२ मध्ये मद्रासपासून सुरू झालेलं ते प्रचंड त्रिकोणमितीय सर्वेक्षण, कोन मोजायचा भलाथोरला थिओडोलाइट माणसांच्या खांद्यावरून डोंगरांवर चढवणं, आणि नागपूरच्या वाटेवर असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला आलेला मृत्यू. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर काम हाती घेतलेल्या एव्हरेस्टचं नाव जगाला पाठ आहे आणि लॅम्बटन आपल्या शेजारी हिंगणघाटात निजलेला आहे, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. दादाच्या तोंडून ऐकताना मात्र ते वेगळंच वाटलं, कारण दादाने स्वतः उन्हात साखळी ओढलेली आहे.

पहिला दिवस : नागपूर ते कांकेर

पहाटे पाचला निघालो. भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर. रस्ता चांगला, सांगण्यासारखं काही नाही. साकोलीच्या अलीकडे धुकं इतकं दाट होतं की दादाने अर्धा तास गाडी बाजूला लावली आणि आम्ही घरून आणलेले तर्री-पोहे खाल्ले. वहिनीने तर्री थर्मासमध्ये भरून दिली होती. वाफ निघणारी तर्री धुक्यात पोह्यांवर ओतणे, हा अनुभव मी जाहीरपणे सगळ्यांना सुचवते.

रायपूरहून खाली वळून धमतरी आणि मुक्काम कांकेरला. बस्तर म्हटल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न सुरक्षिततेचाच होता, आणि तो योग्यही होता. आम्ही एकच नियम पाळला : अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. कुठे जावं आणि कुठे नको, हे मुक्कामाच्या ठिकाणी स्थानिक माणसांना विचारायचं आणि ते सांगतील ते ऐकायचं. सहा दिवसांत आम्हाला कुठेही त्रास झाला नाही.

दुसरा दिवस : केशकाल, कोंडागाव आणि चुकीचं शेत

केशकाल घाट सकाळच्या उन्हात चढलो. बारा वळणं आहेत, लेकीने मोजली. वर पोचल्यावर हवा एकदम बदलते, गार आणि साल वृक्षाच्या पानांच्या वासाची. कोंडागावला ढोकरा कलेचे कारागीर आहेत. मेणाच्या तारांनी आकृती घडवायची, वरून मातीचा लेप द्यायचा, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या बाई मेणाची दोऱ्यासारखी तार हत्तीच्या पाठीवर गुंडाळत होत्या. मी म्हटलं, पोकळी आधी आणि आकार नंतर, हे तर उद्या पाहायच्या गुहेसारखंच. गुहेतही पाणी आधी खडक विरघळवून पोकळी करतं आणि मग तीच चुनखडी थेंबाथेंबाने आत परत आणून ठेवतं. दादा म्हणाला, ‘तू सुट्टीतही शिकवूनच राहिली.’

दुपारी जगदलपूर ओलांडून राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेबाहेरच्या एका गावात होमस्टेला पोचलो. मातीचं घर, शेणाने सारवलेलं अंगण, मागे फणसाचं झाड. यजमान, त्यांची बायको, दोन मुलं आणि म्हातारे वडील.

सामान टाकून लगेच कागदावरचं पहिलं ठिकाण शोधायला निघालो. ते गावाबाहेर रस्त्याकडेला होतं : उघडा पडलेला चुनखडीचा खडक. प्रश्न असा : ‘दगडावरच्या सुरकुत्या कोणत्या दिशेने जातात आणि का?’ मी आकडे फोनमध्ये भरले. फोनने नेलं ते थेट एका शेतात. कापणी झालेली, मध्ये खळं, खळ्यात धानाची रास, आणि एक आजी सुपाने पाखडत होत्या. खडकाचा पत्ता नाही. फोन म्हणत होता, पोचलात.

आम्ही तिघं फोन वर-खाली करत खळ्याच्या कडेला उभे. आजींनी सूप खाली ठेवलं आणि आधी लेकीकडे पाहिलं. ‘तुचो नाव काय आय?’ लेक चमकून माझ्याकडे बघत राहिली, कारण तिला ते समजलं होतं. हलबी भाषेत आपल्या ‘चा-ची-चे’च्या जागी ‘चो’ येतो आणि ‘काय’ तर आपलाच ‘काय’. मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी यांच्या मधोमध नांदणारी ही भाषा. घरापासून सहाशे किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला, एक अनोळखी आजी जवळजवळ मराठीत नाव विचारते, तेव्हा घशात काहीतरी दाटून येतं. नागपुरात कोष्टीपुऱ्यात वाढलेल्या दादाला तर ती अगदी शेजारीण वाटली. आजींनी पदरातून बोरं काढून लेकीच्या ओंजळीत घातली आणि आम्हाला बसवून घेतलं. पुढचा अर्धा तास कोण काय बोलतंय ते अर्धं कळत होतं आणि अर्धं हातवाऱ्यांनी भागत होतं.

चूक दादाने शोधली. मैत्रिणीने अक्षांशाचा शेवट ‘५२.३४५’ असा लिहिला होता. म्हणजे ५२ मिनिटं आणि मिनिटाचे दशांश. मी घाईत ते ५२ मिनिटं ३४.५ सेकंद असं भरलं. दादाने खळ्यातल्या मातीवर काडीने गणित मांडलं. ३४.५ सेकंद म्हणजे ०.५७५ मिनिट. हवं होतं ०.३४५. फरक ०.२३० मिनिटाचा. अक्षांशाचं एक मिनिट जमिनीवर १,८५२ मीटर. म्हणजे आम्ही सुमारे ४२६ मीटर उत्तरेला येऊन उभे होतो. आजी काडीच्या रेघांकडे मन लावून पाहत होत्या. सगळं संपल्यावर त्यांनी हात दक्षिणेकडे केला. तिकडे दगड आहे, हे त्यांना आमच्या आकड्यांआधीच कळलं होतं.

जाणाऱ्यांसाठी : अक्षांश-रेखांश तीन तऱ्हांनी लिहितात. नुसते अंशांचे दशांश, अंश आणि मिनिटांचे दशांश, आणि अंश-मिनिट-सेकंद. जिओकॅशिंगमध्ये सहसा मधली तऱ्हा चालते, फोनमधल्या नकाशात बहुधा पहिली. कागदावर आकडा लिहून घेताना तऱ्हाही लिहून घ्या. नकाशा नागपूरलाच डाउनलोड करून ठेवा, जंगलात नेटवर्क धरून चालू नका. सालाच्या दाट पानांखाली फोनचा ठिपका थोडा भरकटतो. दोन मिनिटं एका जागी थांबलात की स्थिरावतो.

खडक सापडला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. राखाडी पृष्ठभाग, हत्तीच्या कातडीसारखा. बोट फिरवलं की खाचा लागतात, बोटभर अंतरावर एकेक, सगळ्या उताराच्या दिशेने. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि उतारावरून वाहताना चुनखडी चाटत जातं. पहिलं उत्तर मिळालं. सोळा वर्षं ‘अपक्षालन’, म्हणजे पाण्याने विरघळवून वाहून नेणं, हा शब्द फळ्यावर लिहिणारी मी त्या दगडावर तळवा टेकवून बराच वेळ बसून होते.

रात्री जेवणात भात, उडदाची डाळ, सेमीची भाजी आणि चापडा चटणी. झाडांवरच्या लाल मुंग्या, मिरची, लसूण, आलं. चव आंबट, जिभेवर लिंबासारखी चरचरीत, मागून तिखट. लेकीने दोनदा मागून घेतली. मला अर्धा चमचाच पुरला, पण खाल्ली.

तिसरा दिवस : कुटुमसर

कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान १९८२ चं, क्षेत्र सुमारे २०० चौरस किलोमीटर. मार्च २०२५ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं आहे. छत्तीसगडचा राज्यपक्षी पहाडी मैना इथला. कुटुमसर गुहा जगदलपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. फाटकावर तिकीट काढायचं, जंगलातून वन विभागाने परवानगी दिलेल्या गाडीने जायचं आणि गाईडशिवाय आत सोडत नाहीत. आम्ही सकाळी सगळ्यात आधी पोचलो आणि ते फार बरं केलं. अकरानंतर गर्दी होते आणि आत माणसं वाढली की ऐकू काही येत नाही.

लेकीच्या सॅकमध्ये एक स्टीलची डबी होती. तिने घरून तयार केली होती : आत वही, छोटी पेन्सिल, आणि वर मराठी-हिंदीत लिहिलेलं ‘हा खेळ आहे, घाबरू नका’. गुहेच्या तोंडाशी कुठेतरी ठेवायची असं तिच्या मनात. मी तिला घरीच सांगितलं होतं की चालणार नाही, पण तिला एकदा विचारून पाहायचं होतं. फाटकावरच्या वनरक्षकांनी डबी उघडून पाहिली, वही चाळली आणि शांतपणे म्हणाले, ‘अंदर कुछ छोड़ना नहीं, अंदर का कुछ लाना नहीं.’ लेकीचा चेहरा पडला. तिने डबी सॅकच्या तळाशी घातली. मला तिचं वाईट वाटलं आणि वनरक्षकांचा अभिमानही वाटला. संरक्षित जंगलात एकाची डबी म्हणजे पुढच्या शंभर माणसांची पायवाट. पायवाटेशेजारचा दगड उलटवून कुणी डबी शोधू लागलं की त्या दगडाखाली जे जगत असतं ते संपतं.

गुहेचं तोंड अगदी अरुंद. डोंगराच्या कुशीत एक उभी फट, एका वेळी एकच माणूस. आडवं होऊन, पोट आत घेऊन उतरायचं, मग जिना. फोनचा ठिपका पहिल्या वळणालाच गेला. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत आणि त्यांचा संदेश इतका क्षीण असतो की खडक त्याला आत येऊ देत नाही. इथून पुढे मैत्रिणीच्या कागदावर आकडे नव्हते, नुसत्या खुणा होत्या : ‘जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून ४२ पावलं, डावी भिंत, गुडघ्याएवढा बुटका खांब, त्याच्या वर पाहा.’

बाहेर स्वेटर लागत होता, आत दोन मिनिटांत घाम फुटला. वर्षभर आत साधारण अठ्ठावीस अंशांच्या आसपास तापमान राहतं आणि दमटपणा तर विचारू नका. माझ्या चष्म्यावर वाफ धरली. काही क्षण मी काहीच पाहू शकले नाही, फक्त ऐकत होते. टप्. मोठी शांतता. टप्.

चष्मा पुसून वर पाहिलं. गाईडने दिवा उचलला आणि माझं फळ्यावरचं चित्र समोर लटकत होतं. पण माझं चित्र चुकीचं होतं. मी नेहमी दोन्ही खांब सारखे काढत आले. खरा अधोमुखी लवणस्तंभ बारीक, टोकदार, आणि त्याखालचा ऊर्ध्वमुखी जाडसर, डोक्याला बोथट. कारण सरळ आहे : वरून थेंब लोंबकळतो तेव्हा टोकाशीच चुना सोडतो. खाली पडला की फुटतो, चहूकडे उडतो आणि पसरून चुना सोडतो. हे वाक्य मला पुस्तकात वाचूनही उमगलं नव्हतं. कोवळे लवणस्तंभ तर नळीसारखे पोकळ होते. एकाच्या टोकाशी थेंब धरलेला, दिव्याच्या उजेडात थेंबाच्या आत सगळी गुहा उलटी दिसत होती.

या गुहेचा शास्त्रीय शोध १९५० च्या दशकात भूगोलाचे प्राध्यापक डॉ. शंकर तिवारी यांनी घेतला. आतल्या डबक्यांत एक छोटा मासा आहे, इंडोरिओनेक्टिस इव्हझार्डी. त्याचेच भाऊबंद बाहेरच्या ओढ्यांत डोळस आणि रंगीत आहेत, पण गुहेतल्यांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंधारात खुरटले आणि रंग फिका पडला. गाईडने दिव्याचा झोत पाण्यावर न टाकता बाजूच्या भिंतीवर टाकला, परत येणाऱ्या उजेडात एक फिकट गुलाबी रेघ हलली आणि दगडाखाली गेली. आतल्या एका रातकिड्याच्या शास्त्रीय नावात डॉ. तिवारींचं ‘शंकर’ आहे. भूगोलाच्या एका मास्तरांचं नाव अंधारातल्या किड्याला मिळालं, मला याहून मोठा सन्मान सुचत नाही.

दादा पावलं मोजत होता. त्याचं पाऊल ७५ सेंटीमीटरचं, नोकरीत पक्कं झालेलं. ४२ पावलं म्हणजे साडेएकतीस मीटर. तो हळू आवाजात म्हणाला, ‘लॅम्बटनकडेही उपग्रह कुठे होता?’ एकतिसाव्या मीटरला डावीकडे बुटका खांब होता. वर पाहिलं, तर बारीक लवणस्तंभ, टोकाला थेंब.

दुसरा प्रश्न : ‘दोन थेंबांमध्ये किती सेकंद?’ मैत्रीण नोव्हेंबरअखेरीस गेली होती, तिचं उत्तर नऊ. लेकीने घड्याळ लावलं. आम्ही तिघं आणि गाईड, चौघंही श्वास धरून. तिने एक थेंब न मोजता दहा थेंबांची वेळ घेतली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन मिनिटं पन्नास सेकंद. म्हणजे एका थेंबाला सतरा सेकंद. पावसाळ्याचं पाणी वरच्या डोंगरात मुरलेलं असतं, ते हळूहळू आटत जातं आणि थेंब रेंगाळू लागतात. मैत्रिणीचे नऊ आणि आमचे सतरा, दोन वेगळ्या वर्षांचे आकडे, पण गोष्ट तीच सांगणारे.

भिंतीवर माझ्या खांद्याच्याही वर चिखलाची आडवी रेघ होती. पावसाळ्यात पाणी तिथवर चढतं, म्हणून तेव्हा गुहा बंद. आणि वाटेलगतचे काही खांब काळे, गुळगुळीत झालेले. माणसांच्या हातांनी. हाताचं तेल लागलं की पाणी त्यावर चुना सोडत नाही आणि खांब तिथेच थांबतो. असा खांब साधारणपणे वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका वाढतो, म्हणजे हाताच्या करंगळीएवढा व्हायला कित्येक पिढ्या. काहींची टोकं मोडलेली दिसली. ती कुणाच्या तरी शोकेसमध्ये धूळ खात असतील. मला राग आला, अजूनही येतो. लेक दोन्ही हात मागे बांधून चालत होती, बाहेर पडेपर्यंत.

आत जाणार असाल तर : पकड चांगली असलेले बूट घाला, चप्पल नको. स्वेटर गाडीतच ठेवा. स्वतःची एक टॉर्च असू द्या. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा कोंडल्या जागेची भीती वाटत असेल, तर तोंडाशीच थांबा, त्यात काही कमीपणा नाही. गुहा पावसाळ्यात बंद असते आणि साधारण नोव्हेंबरपासून उघडते, पण आधी विचारूनच निघा. रोख पैसे सुटे ठेवा. खाण्याची पाकिटं आत नेऊ नका. आणि कशालाही हात लावू नका, फोटोसाठीही नाही.

चौथा दिवस : तीरथगड आणि लिंबू

तिसरं ठिकाण तीरथगडचा धबधबा. मूंगाबहार नदी इथे पायऱ्यापायऱ्यांनी खाली कोसळते. डिसेंबरात पाणी बेताचं, त्यामुळे खडक छान दिसतो. सकाळी आठला आम्हीच होतो आणि चार-पाच माकडं. प्रश्न : ‘कालच्या गुहेत पाणी आत गेलं, इथे ते वरूनच का वाहतं?’

उत्तर खडकात आहे. इथला खडक वालुकाश्म, भूशास्त्रात या थराला तीरथगडचंच नाव आहे. वाळूचे कण क्वार्ट्झचे, पावसाच्या मऊ आम्लाला दाद न देणारे. पाणी त्याला विरघळवू शकत नाही, फक्त फोडत आणि झिजवत जातं. पायऱ्यांवर तुषार अंगावर घेत लेकीने वहीत दोन चित्रं काढली, एक कालचं आणि एक आजचं. दुसऱ्या चित्रात पाणी बाहेर आहे, पहिल्यात ते डोंगराच्या पोटात आहे. मी ते पान पुढच्या सत्रात फळ्याशेजारी लावणार आहे.

चित्रकोटचा धबधबा पाहिला नाही. सगळे म्हणतात पाहायलाच हवा, आणि ते खरंच असेल. पण त्यासाठी दुपार गेली असती आणि होमस्टेच्या अंगणातली ती दुपार मला द्यायची नव्हती.

त्या दुपारी यजमानांच्या वडिलांनी दादाला विचारलं की तुमच्याकडे हा दगड आहे का. दादाने सांगितलं, आहे ना, चंद्रपुरात गडचांदूरकडे भरपूर, सिमेंट करतात त्याचं. आजोबांनी ‘सिमेंट’ शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि डोंगराकडे बघत राहिले. मग लेकीने प्रयोग मांडला. अंगणाच्या कोपऱ्यात रस्त्याच्या कामासाठी आणलेली खडी पडली होती, उद्यानाबाहेरची. तिने एक खडा दुसऱ्यावर घासून भुकटी केली आणि त्यावर लिंबू पिळलं. भुकटी फसफसली. बारीक बुडबुडे, सोडा फोडल्यासारखे. यजमानांची दोन्ही मुलं ओरडली. मग अंगणातला प्रत्येक दगड लिंबाखाली गेला आणि यजमानांच्या स्वयंपाकघरात एकही लिंबू उरलं नाही. संध्याकाळी आम्ही बाजारातून डझनभर आणून दिली.

डबीचा प्रश्न तिथेच सुटला. लेकीने यजमानांना विचारलं की तुमच्या अंगणात ठेवू का. त्यांनी आधी विचारलं, कोण येणार शोधायला, रात्री येतील का, कुत्रा भुंकेल. सगळं समजून घेऊन मग फणसाच्या झाडाच्या खोडातली एक ढोली दाखवली. मी त्यांना सांगितलं की आम्ही दूर राहतो, डबी ओली झाली किंवा वही भरली तर बघणार कोण? खेळातही हाच नियम आहे, प्रवासाला गेल्यावर टाकून यायची डबी चालत नाही, तिची काळजी घेणारा माणूस हवा. मोठा मुलगा, सातवीतला, म्हणाला मी बघतो. वहीत पहिलं नाव त्याने लिहिलं. दुसरं आजोबांनी अंगठ्याने. शाई नव्हती, तेव्हा कोळसा लावला. ही जागा आम्ही जाहीर केलेली नाही. ज्यांना होमस्टेला राहायचं असेल त्यांना तो मुलगाच सांगेल, हवं तर.

पाचवा आणि सहावा दिवस : परत

पाचव्या दिवशी रायपूर, सहाव्या दिवशी दुपारी नागपूर. परतीच्या वाटेवर केशकालला चहा घेतला, बाकी सरळ प्रवास. गाडीतून उतरण्याआधी लेकीने झिरो माइलला पुन्हा थांबवायला लावलं. अधिवेशन संपलं होतं, रस्ता मोकळा. तिने दगडावरचं ‘रायपूर १७४ मैल’ बोटाने वाचलं आणि आमच्या गाडीने मोजलेला अंतराचा आकडा वहीत त्याखाली लिहिला.

रात्री मैत्रिणीला तिन्ही उत्तरं पाठवली. पहिल्याला आणि तिसऱ्याला तिने बरोबरची खूण केली. दुसऱ्याखाली लिहिलं, ‘सतरा? माझे नऊ होते. मग फेब्रुवारीत किती असतील?’

तेच मला आता कुणालातरी विचारायचं आहे. गुहा बंद होण्याआधी, फेब्रुवारीत किंवा एप्रिलात, तुमच्यापैकी कुणी कुटुमसरला जाणार असेल तर जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून साडेएकतीस मीटर जा. डावी भिंत, गुडघ्याएवढा बुटका खांब, त्याच्या वर. दहा थेंब मोजा, दहाने भागा. हात मागे ठेवा. आणि सेकंद किती आले ते मला नक्की कळवा, वहीत जागा सोडली आहे.